हरी म्हणजे बेडूकसुद्धा

तारामतीअक्कांच्या गळ्यावर देवाची कृपा, पण छातीवर टायरच्या कारखान्याची अवकृपा. जुने टायर भट्टीत घालून तेल काढणारा हा कारखाना देगलूरच्या वाटेवर, आमच्या शिवाराला अगदी चिकटून. त्याचं धुराडं पेटल्यापासून अक्का कीर्तनाला उभ्या राहिल्या की पूर्वरंग कसाबसा पार पडायचा. उत्तररंगात खोकला. मी त्यांच्या मागे टाळ धरणारा. कीर्तन अर्ध्यात थांबलं की माझे हात नुसते लोंबकळायचे, आणि देवासमोर उष्टं ताट ठेवल्यासारखं वाटायचं.

म्हणून कारखान्यात धूर साफ करायचं यंत्र येणार म्हटल्यावर मी मारुतीला नारळ फोडला. यंत्र बसवायला नांदेडचा मुनीब नावाचा इंजिनियर आला. यंत्राची जाड वायर अक्कांच्या बांधावरून न्यायची होती. अक्का हो म्हणाल्या. चाचणी जमली तर यंत्र राहणार, नाहीतर मालक परत पाठवणार. दत्तजयंतीचा सप्ताह तोंडावर आलेला.

सगळं सुरळीत चाललं होतं. मध्ये मी शिरलो. वायर बघायला गेलो तर मुनीब फोनवर बोलून राहिला होता, "हाव, लाइन आली. उद्या कोरोना चालू करतो. प्लाझ्मा नीट तयार झाला की आपलं काम झालं."

माझे पाय घराकडे वळलेच नाहीत. सरळ अक्कांचा ओटा गाठला.

अक्का तूर निवडत होत्या. ऐकलं, आणि सुपावरचा हात थांबला. अक्कांचे यजमान, आमचे दाजी, कोरोनात गेले. प्लाझ्मासाठी आम्ही नांदेड पालथं घातलं होतं. मिळाला, चढवला, तरी गेले. तेव्हापासून हे दोन शब्द त्या घरात कोणी काढत नाही.

"वायर काढायला सांग," अक्का म्हणाल्या. "आजच."

"पण अक्का, धूर..."

"त्या रोगानं माझा धनी नेला, त्या औषधानं राखला न्हाई. आता दोघंबी माझ्याच बांधावरून जाणार व्हय?"

निरोप ऐकून मुनीब धावतच आला. चहाला नको म्हणाला आणि ओट्याच्या कडेला बसला.

"मावशी, तो कोरोना वेगळा, हा वेगळा."

"नवा आला काय?" मी विचारलं.

"मामा, तुम्ही जरा गप बसा ना." मग तो अक्कांकडे वळला. "बारीक तारेला लई मोठं व्होल्टेज दिलं की तिच्याभोवती जांभळा उजेड उमटतो. मुकुटासारखा. त्याला कोरोना म्हणतात. कोरोना म्हणजेच मुकुट. त्या उजेडातली हवा तुटते, तिला प्लाझ्मा म्हणतात. धूर त्यातून गेला की काजळी पत्र्याला चिकटते आणि वासाचे तुकडे होतात."

"अन् रगतातला प्लाझ्मा?"

"तो वेगळा."

"मग रोगाला कोरोना का म्हणले?"

"त्या विषाणूला मुकुटासारखे काटे असतात म्हणून."

"म्हंजे मुकुट दोहीकडं हाय."

मुनीबनं कपाळाला हात लावला. "मुकुट हाय मावशी. डोकं वेगळं हाय."

माझं डोकं तर गरगरून गेलं. रोगाला मुकुट, तारेला मुकुट, आणि आमच्या पांडुरंगाच्या मुकुटाला मग काय म्हणायचं? पांडुरंगावरून हरी आठवला, आणि हरीवरून अक्कांचंच कीर्तन.

"अक्का, हरी म्हंजे काय?"

उत्तराची वाट न बघता मीच सांगून टाकलं.

"हरी म्हंजे देव. हरी म्हंजे सिंह, हरी म्हंजे माकड, हरी म्हंजे बेडूकसुद्धा. दर सप्ताहात सांगता. म्हणून बेडकाला हार घालता काय तुमी?"

"मलाच माझं कीर्तन सांगून राहिला व्हय रे?" अक्का हसल्या नाहीत. पण सूप बाजूला सारून उठल्या. "बरं. उद्या चालू कराल तवा दाखवा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मुनीबनं यंत्राच्या काचेतून बघायला लावलं. आत अंधार, आणि तारेला बिलगलेला जांभळा उजेड. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर. जवळपास वीज पडल्यावर येतो तसा वास.

"बंद कर," अक्का म्हणाल्या.

मुनीबनं बंद केलं. धुराड्यातून काळा लोट निघाला, वाऱ्यानं अंगणात उतरला, आणि अक्का गुडघ्यावर हात टेकून खोकू लागल्या. मुनीबनं घाईनं पुन्हा चालू केलं. लोट करडा झाला, विरळ झाला, मग नजरेला लागेना. अक्कांनी एक श्वास घेतला. मग दुसरा, भीत भीत, विहिरीत पाय टाकल्यासारखा.

"त्याच नावानं ह्यांचा श्वास नेला," त्या म्हणाल्या. "त्याच नावानं माझा परत येऊन राहिला. ह्याचा अर्थ काय लावू, व्यंकटी?"

"अक्का, मला तर धूर तुटून जातो कुठं हेच कळलं न्हाई."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. मग मुनीबला म्हणाल्या, "वायर राहू दे. पण माझ्या बांधावर असेपर्यंत त्याला मुकुटच म्हणायचं."

"हाव मावशी," मुनीब म्हणाला. "मुकुट."

सप्ताहात अक्का उभ्या राहिल्या. मुनीब मंडपाच्या कडेला हात बांधून ऐकत होता. उत्तररंग आला, आणि खोकला आला नाही. हरी म्हणजे देव, सिंह, माकड, बेडूक. लोक हसले. अक्का तिथंच थांबल्या, धुराड्याच्या दिशेनं बघत. मला वाटलं, आता ह्यातच कोरोना हा शब्दही घेतात.

त्यांनी घेतला नाही. डोळे मिटले आणि सरळ वरच्या पट्टीत नाम उचललं. माझा टाळ एक ठेका चुकला. त्या का थांबल्या होत्या, ते मला अजून उमगलेलं नाही.