ओढ्यात राहिलेली चोविसावी बाटली

निंगप्पांचे पुत्र विरूपाक्षप्पा. विरूपाक्षप्पांचे पुत्र ते, ज्यांचे नाव मी घेत नाही. तळ्यातल्या ग्रामदैवताचे जे नाव तेच त्यांचे, एवढे सांगितले की सोलापुरात पुरते. आणि त्यांचा पुत्र मृत्युंजय, जो एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून सन्मानाने निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी बादली-खुरपे घेऊन ओढ्यात उतरला. पहिल्या तिघांनी कोणाचे काही ठेवून घेतले नाही. हा चौथा लोकांनी टाकून दिलेले घरी आणतो.

त्याला जुन्या बाटल्यांचा नाद लागला. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या बाटल्या, एकदा तर बिनकानाचा कप. सारे गॅलरीत ओळीने मांडलेले. माझी सून धनलक्ष्मी ते रोज पुसते आणि पुसताना जे पुटपुटते ते मी ऐकले नाही असे दाखवते. शुक्रवार पेठेतल्या भंगारवाल्याने एके दिवशी त्याला भर रस्त्यात विचारले, "साहेब, तुमी काचेला काय भाव धरता?" त्यानंतर दोन दिवस मी मुलाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बोलावे लागले, कारण समोरच्या घरातली कमलम्मा सोलापूर सोडून निघाली होती.

कमलम्माच्या सासऱ्यांचा गोळी सोड्याचा कारखाना होता. मृत्युंजयाच्या बारशाला, म्हणजे एकोणसाठ वर्षांपूर्वी, त्यांच्याकडून दोन डझन बाटल्या आमच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या मळ्यात गेल्या. सोड्याचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले. रिकाम्या बाटल्या परत करायच्या होत्या. तेवीस गेल्या. तेव्हापासून एकही हळदीकुंकू असे झाले नाही, की कमलम्माने वाण घेता घेता म्हटले नाही, "गौरक्का, आमची एक बाटली हाय बरं का तुमच्याकडं." बदली बाटली तिने नाकारली. पैसे नाकारले. एकदा मी चांदीची वाटी पुढे केली, तर म्हणाली, "वाटीत सोडा कसा भरू?"

आता शुक्रवारी ती मुलाकडे हुबळीला कायमची जाणार होती. ती गेली की देणे राहणार, आणि मी देणेकरी म्हणून मरणार. हे मला मान्य नव्हते.

"मृत्युंजय," मी म्हणाले, "उद्या सकाळी मळ्यात. मीही येणार."

"आई, तिथं चिखल आहे."

"मी चिखलाला भेटायला येत नाही."

त्या काळी मळ्यात बर्फ कुठला? सोड्याच्या बाटल्या ओढ्याच्या ओल्या वाळूत पुरत आणि पंगत बसली की उकरून काढत. बाराव्या दिवसाची बाळंतीण म्हणून मी पाळण्यापाशी बसले होते आणि तिथून मला सारे दिसत होते. पुरणाऱ्याने करंजाच्या झाडापासून मोजत पुरल्या. काढणारा दुसराच होता, त्याने उलट्या बाजूने मोजल्या आणि करंजापाशी एक राहून गेली. करंज केव्हाच तोडला गेला. म्हणून मी विहिरीचा कठडा धरून पाळण्याची जागा काढली, तिथे खुर्ची ठेवविली आणि छत्री उघडून बसले.

"डावीकडे."

"आई, प्रवाहाचा विचार केला तर बाटली खाली वाहत..."

"पुरलेली वस्तू वाहत नाही. डावीकडे."

तासाभरात एक चप्पल, सायकलची घंटा आणि अर्धी कपबशी निघाली. प्रत्येक वेळी मृत्युंजय ती वर धरून उजेडात पाही. मी "पुढे" म्हणे. इतक्यात शेजारच्या शेतातला शहाजी म्हैस घेऊन आला आणि थबकला.

"आज्जी, किती तोळं हाय?"

"कसले तोळे? बाटली शोधतो आहोत."

"व्हय व्हय," शहाजी डोळा बारीक करून म्हणाला. "आमचा आज्जा बी असंच म्हनायचा. बाटलीत घालूनच पुरत्यात की."

तो गेला तो बारा माणसे आणि नऊ फावडी घेऊन आला. खरे सांगून पाहिले. सत्यावर कोणाचाही विश्वास बसेना. मग मी म्हणाले, "हे पाहा, ओळीने उभे राहा. फावडी ठेवा, हाताने उकरा. जो वस्तू फोडेल त्याच्या बापाला मी ओळखते."

"आन् वाटा कसा?" एकाने विचारले.

"आतले सगळे तुमचे. बाटली माझी."

एवढा न्याय्य करार त्या ओढ्याने पूर्वी पाहिला नसावा. दहा मिनिटांत हिरवट जाड काच वर आली. गळ्याला चिमटा, पोटावर नंदीचा छाप, तोंडाशी अडकलेली गोळी आणि आत हलणारे काहीतरी. शहाजीने ती कानाशी हलवली, उन्हात धरली, पुन्हा हलवली.

"पानी हाय," तो खचून म्हणाला.

"सोडा आहे. तुमचा वाटा आहे. पिता?"

शहाजी आणि बारा माणसे म्हशीसकट निघून गेली.

त्याच दुपारी आम्ही कमलम्माकडे गेलो. अर्धे घर पोत्यांत बांधलेले. "बर्री, या, बसा," ती म्हणाली, आणि मी पदराखालून बाटली काढताच स्वतःच बसली. नंदीवरून अंगठा फिरवला. पालथी केली, सुलटी केली.  

"ही घेता येत न्हाय."

"का?"

"भरलेली हाय. आमी रिकामी परत घेतो. मामंजींचा नेम हाय."

"कमलम्मा, तुमचे मामंजी जाऊन चाळीस वर्षे झाली."

"नेम गेला न्हाय."

"काकू, मी ओतून देतो," मृत्युंजय म्हणाला.

"गिऱ्हाइकानं प्यायचा असतो, ओतायचा नसतो."

माझा एकुलता एक मुलगा मजकडे पाहू लागला. घराण्याची अब्रू एका बाजूला, एकोणसाठ वर्षांचा सोडा दुसऱ्या बाजूला. मी क्षणभर विचार केला, हे लपवणार नाही.

"बारसे त्याचे होते," मी म्हणाले, "पण यजमान आम्ही. गिऱ्हाईक मी आहे. माझा सोडा मी झाडाला पाजला तर तुमच्या नेमाला काय अडचण?"

 कमलम्माने लाकडी दट्ट्या आणला, गोळीवर ठेवला आणि तळहाताने ठोकला. उंदीर शिंकावा तसा आवाज झाला. गढूळ पाणी मी माझ्या हाताने तिच्या दारातल्या कण्हेरीला घातले, शेवटच्या थेंबापर्यंत. बाटली तीन वेळा विसळली.

मग ती आतून लाकडी खोका ओढत घेऊन आली. चोवीस घरे, तेवीस बाटल्या, सगळ्या पुसलेल्या. हुबळीला नेण्यासाठी सर्वांत आधी तोच बांधला होता, असे तिला न्यायला आलेल्या सुनेने सांगितले; कमलम्माने तिच्याकडे पाहून तिला गप्प केले.

"गौरक्का, आता हळदीकुंकवाला मी बोलू काय?"

"हुबळीहून फोन करा. भांडायला दुसरे काढू."

तिने बाटली माझ्या हाती दिली. मी ती रिकाम्या घरात ठेवली. कमलम्मा पहिल्या घरापासून बोट टेकवत कानडीत मोजत गेली, मी मराठीत मोजत गेले, आणि दोघी एकाच बाटलीवर थांबलो. चोवीस.