रेणूच्या रक्तातलं लोखंड

डाळिंब म्हणे खाऊ घाला! डॉक्टरीणबाई तशी चांगली होती, गोड बोलत होती. पण डाळिंब, खजूर, बीट, काजू असं एकेक नाव घेत तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मॅडम, रेणूच्या बाबाचा प्लांटचा गेट पास अडकून आहे, कामच बंद. जुना ठेकेदार गेला, नवा कधी घेईन त्याचा पत्ता नाही. आमच्या घरी वरणातच पाणी जास्त होऊन राहिलं, डाळिंब कुठून आणू?" ती हसली नाही. म्हणाली, "मग पालेभाजी द्या. पण रोज द्या. आणि या गोळ्या चुकवू नका."

रेणू म्हणजे माझी पोट्टी, बारावीतली. पंधराशे मीटर धावते. धावते म्हणजे लोक सांगतात म्हणून मले माहीत. मी कधी पाहाले गेलीच नव्हती. स्वयंपाक, पाणी, कपडे, त्यातून सुटका झाली तं पाहीन ना! तं हे पोट्टी हुडको कॉलनीच्या मैदानावर धावता धावता चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. तिच्या कोच मोना मॅडम, आमच्याच भंडाऱ्याकडच्या, घरी आल्या अन् उभ्या उभ्याच सांगून गेल्या. "वंदनाताई, दोन महिन्यांनी रायपूरले राज्याचा कॅम्प आहे. अकरा झालं तं नेईन, नाही तं नाही नेणार. पोरीले काही झालं तं मी तुम्हाले काय तोंड दाखवू?"

मॅडम गेल्यावर रेणू भिंतीकडे तोंड करून बसली. पोट्टी इकडेच वाढली, तिच्या तोंडी हिंदीच. "मम्मी, इस बार नहीं गई ना, तो एज निकल जाएगी. फिर कोई नहीं बुलाता." असं म्हणून खूप रडली.

माझे सासरे रामाजी, मी त्याइले मामाजी म्हणते, जन्मभर पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळसा भाजायच्या भट्टीवर होते. ते खाटेवरून म्हणाले, "अवो, देशभराचे रूळ या गावात बनून गेले, अन् माह्या नातीच्या अंगात लोखंड नाही? काय म्हणावं याले!" मले हसूही आलं अन् रागही आला. पण म्हणणं काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मरोद्याच्या बाजारात गेली. लग्न होऊन इकडे प्लांटजवळ रुआबांध्याले आली तेव्हापासून माझी भाजी म्हणजे मेथी, पालक अन् वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाकीच्या ढिगांकडे मी कधी नजरही टाकली नव्हती. गावठी पाला, आपल्याले काय करायचा, असंच वाटे. त्या दिवशी मात्र थांबून पाह्यलं अन् पाहतच राहिली. इकडे लाल भाजी, तिकडे चेच, मधात खेडा, करमत्ता, तरोटा, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या. एका पाल्याचे किती प्रकार, बापा! कोणी पेरलेले, कोणी नुसते बांधावर आपोआप उगवलेले. "का लेबे दाई?" काय घेशील माय, असं विकणारी विचारत होती अन् मी एकेक जुडी उचलून पाहत होती. डाळिंबाच्या भावात इथं घरादाराचं आठवडाभराचं जेवण पडलं होतं. इतकी वर्षं मी याच्या बाजूनं चालत गेली. आंधळी होती का मी?

मंग मी सुरूच झाली. लाल भाजी लसूण घालून, मुनग्याचा पाला वरणात, चेच चिंचेच्या कोळात. सकाळी भिजवलेले चणे अन् गुळाचा खडा, जेवणात जवसाची चटणी, मोडाचे मूग. शेजारच्या झाडाचे लिंबू मागून आणले. तेल तेवढंच, गॅस तेवढाच. पातेलंभर पाला गॅसवर बसते अन् मूठभर होते, हे रोज पाहून मी रोजच चकित होत होती. लाल भाजी धुतली की पाण्याले असा रंग चढे की मोरीत सांडावंसं वाटत नसे. मी मनात म्हणे, हे सगळं माझ्या पोरीत जाऊ दे.

महिना झाला. आम्ही दोघी रक्त द्याले गेलो. कागद हातात आला अन् मले वाटलं चुकून दुसऱ्या कोणाचा दिला. नऊ. काठावर टेकल्यासारखं नऊ.

मी तिथंच भडकली. "कुठं फेकते भाजी? खरं सांग! शाळेत वाटते का मैत्रिणीइले?"

"खाती तो हूँ मम्मी! तेरे सामने ही तो खाती हूँ!" रेणूचे डोळे भरून आले. लोक पाहून राहिले होते, पण मले कोणाची पर्वा! महिनाभर पाला निवडून माझी नखं काळी झाली होती.

नर्सबाईनं आम्हाले बाजूले बसवलं. रेणूले विचारलं, "गोळी कशासोबत घेते?"

"चाय के साथ."

"आणि जेवण?"

"वो भी चाय के साथ. हमारे घर में ऐसाच है."

नर्सबाईनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मंग तिनं समजावून सांगितलं. जेवणासोबत चहा घेतला की भाजीतलं लोखंड अंगाले लागत नाही, पोटातून तसंच निघून जाते. गोळीचंही तेच. जेवणात अन् चहात दीड-दोन तासाचं अंतर पाहिजे.

आमच्या घरी जेवताना चहा लागतेच. हे मामाजीपासून सुरू झालं. कोक ओव्हनच्या धगीत डब्बा कोरडा व्हायचा, घास उतरत नसे, म्हणून तिथले सगळे भाकरी-भाजीवर चहा घ्यायचे. ती सवय मामाजीसोबत घरी आली, रेणूच्या बाबाले लागली, मले लागली, अन् पोट्टी तं त्यातच वाढली. त्यात गेट पास अडकल्यापासून मी दूध कमी केलं होतं. चहा कोरा, काळाकुट्ट, अन् पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून आधीपेक्षा जास्त. म्हणजे मी एका हातानं वाढत होती अन् दुसऱ्या हातानं काढून घेत होती!

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मले पक्कं ठाऊक होतं, आता मामाजी भांडण काढणार. त्याइचा चहा म्हणजे देवाच्या पूजेसारखा, त्याच्यात कोणी बोलायचं नाही. एकदा मी साखर कमी टाकली तं दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण त्याइनं जवळचा कप खाटेखाली सरकवला. मंग म्हणाले, "वंदना, आजपासून जेवणात चहा नाही. कोणालेच नाही."

"मामाजी, तुम्ही घ्या ना. फक्त तिले द्यायचा नाही."

"मी पिईन तं पोट्टीले वास नाही येईन का? माह्यापासूनच लागलं न हे."

त्या रात्री जेवताना मी चोरून पाह्यलं. ताटात लाल भाजी, भात, बाजूले लिंबूपाणी. घास खाल्ला की त्याइचा उजवा हात आपोआप पुढे जाये, जिथं कप असे तिथं, अन् रिकामाच मागे येये. डोकं दुखते म्हणून दुपट्टा आवळून बांधला होता. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. हे तेच मामाजी का! रेणूच्या बाबानंही आपला कप उलटा करून ठेवला अन् म्हणाले, "चल, मीही." मी माझाही कप उचलून ठेवला. दुपारी जेवण पचल्यावर एकेक कप मिळे, तो मात्र मामाजी असे प्यायचे की पाहून पोट भरावं.

दुसरा महिना असाच गेला. रेणूच्या गालावर थोडा रंग आला असं मले वाटे, पण आईच्या डोळ्याचा काय भरोसा?

रिपोर्ट आला. दहा पॉइंट सात.

कागदावर डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं होतं की चांगलं वाढतंय, खेळायला हरकत नाही. पण मैदानावर मोना मॅडमनं कागद घडी घालून परत दिला. "ताई, मी अकरा म्हटलं होतं." रेणू मागे बुटाच्या लेस बांधत होती, तिचे हात तिथंच थांबले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मॅडम, कागद सोडा एक मिनिट! डॉक्टर हव म्हणून राहिली, तुम्ही कावून नाही म्हणता? तिले धावू द्या, मंग नाही म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा!"

मॅडमनं खिशातलं घड्याळ काढलं. मंग रेणूले म्हणाल्या, "जा, बाकीच्या पोरीइसोबत लाइनवर. मी थांब म्हटलं की थांबायचं."

अन् ती धावली.

काय सांगू! ही माझी पोट्टी, जी बादली उचल म्हटलं तं कंबर धरते, ती अशी धावते हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. पाय जमिनीले टेकतात की नाही कळेना. सोबतच्या पोरी आधी बाजूले होत्या, मंग मागे, मंग दूर मागे. प्रत्येक फेरीले माझा जीव मुठीत, आता पडन, आता पडन. पण ती आणखीच जोरात येऊन राहिली होती. माझ्यासमोरून गेली तं वारा लागला. मले पाह्यलंही नाही तिनं. मी ओरडणार होती, "शाब्बास" म्हणणार होती, तोवर ती वळणावर पोहोचली होती. पाला अन् चणे खाऊन कोणी असं होऊ शकते? माझ्या हातचं खाऊन?

मॅडमनं हातातलं घड्याळ पाह्यलं. रेणूकडे पाह्यलं. पुन्हा घड्याळ पाह्यलं.

"सोमवारी सकाळी दुर्ग स्टेशनवर आणून सोडा हिले," त्या म्हणाल्या. "अन् गोळ्या सोबत द्या, तिथंही चालू ठेवायच्या."

रेणू धापा टाकत माझ्याजवळ आली. मी तिच्या छातीवर हात ठेवला. आत काळीज धाडधाड वाजत होतं, एवढं जोरात की माझा हात हलत होता, अन् ते थांबत नव्हतं. माय वो, केवढं हे रक्त!

"क्या कर रही है मम्मी, छोड़ ना, सब देख रहे हैं," ती म्हणाली.

मी हात काढला नाही.