टोक नसलेली रापी

मित्रांनो, संग्रहालयातल्या माझ्या पाटीवर कित्येक वर्षे 'बंडखोराचा सुरा' असे लिहिलेले होते. पण मी एक जुनी रापी आहे. मोची ज्याने कातडे कापतो, ते रुंद पाते.

लोहाराने मला घडवले आणि एका अबोल मोच्याने घेतले. त्याच्या हातात मी लोण्यातून फिरावे तशी कातड्यातून फिरे. पुढे परक्या सरकारविरुद्ध बंड पेटले. त्यांच्या एका अधिकाऱ्याला कुणीतरी भोसकले आणि चोर सोडून संन्याशाला, म्हणजे माझ्या मालकाला, फाशी झाली. शिपाई झडतीला आले, तेव्हा मालक लेकीसाठी जोडा करत होता. डाव्या पायाचा झाला होता. उजव्याचे कातडे मी अर्धेच कापले होते.

पुरावा म्हणून जप्त झालेली मी परके सरकार गेल्यावर संग्रहालयात आले. तिथे माझे पाते एका ओंडक्यात रुतवून ठेवले. नुसती मूठ दिसे. लोक वाहवा करत आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

मालकाची पणती दरवर्षी फाशीच्या दिवशी यायची. म्हातारी, तीही जोडे शिवणारी. काचेला हात लावून ताठ मानेने परत जायची.

गेल्या वर्षी नव्या संशोधक बाईंनी खटल्याचे जुने कागद वाचले. अधिकाऱ्याची जखम अरुंद आणि खोल होती, टोकदार पात्याची. त्यांनी मला ओंडक्यातून उपसले आणि म्हातारीसमोर धरले.

"अगं बाई, ही तर रापी!" ती बोलून गेली. "हिला टोक कुठंय? हिनं कोण मरणार?"

"आजी, तुमच्या पणजोबांनी कुणाला मारलंच नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे फुकट गेले?" म्हातारीने विचारले. "बापानं एकाला तरी लोळवलं, एवढ्यावर माझ्या आजीनं जन्म काढला हो."

"पाटीवर काय लिहू, तुम्हीच सांगा."

म्हातारीने मला हातात घेतले. मालकाच्या अंगठ्याने मुठीवर पडलेल्या खळग्यात तिचा अंगठा आपसूक बसला.

"खरं तेच लिहा. मोची होते. लेकीचा जोडा करत होते. आजी सांगायची, डाव्या पायाचा झाला होता."

आता पाटी बदलली आहे. माझ्यापुढे पूर्वीसारखी गर्दी होत नाही. यंदा म्हातारी आली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

मित्रांनो, काचेआडच्या वस्तूने कुणाला मारले, हे मागाहून विचारा. तिचे कोणते काम अर्धे राहिले, ते आधी विचारा.