वीस मीटर बारीक केबल

झाड पडलं तेव्हा मी शाळेच्या गच्चीवर उभा राहून मोबाइलमध्ये सिग्नलचा आकडा बघत होतो. करवतीचा आवाज थांबला, फांद्या कडाकडा मोडल्या आणि एक्याऐंशीचे ऐंशी झाले. हा आकडा जितका उतरेल तितकं चांगलं. मला साठ हवे होते.

"आली का रेंज, निवृत्तीभाऊ?" खालून हेडमास्तर ओरडले.

"येतेय, येतेय," मी म्हणालो.

येवला रस्त्यावरच्या त्या गावात शाळेला इंटरनेट जोडून द्यायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. सात किलोमीटरवरच्या टॉवरवरून रेडिओलहरी येणार, गच्चीवरची अँटेना त्या पकडणार आणि केबलमधून रेडिओ नावाच्या डब्यात सोडणार. एवढंच काम. त्यातली केबल निवडणं माझ्याकडे होतं.

त्याआधी वीस वर्षं मी पंचवटीत घरोघर टीव्हीची केबल ओढली. तिथे सिग्नल कमी पडला की मधे अँप्लिफायर टाकायचा, विषय संपला. या लहरींचं तसं नसतं. त्या केबलमध्ये मीटरामीटराला मरतात. म्हणून कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, जाड केबल वापरा आणि शक्य तितकी आखूड ठेवा. मी ते वाचलं होतं. पण जाड केबल बोटाएवढी, वळवावी तर वळत नाही. आखूड ठेवायची तर डबाही गच्चीवर खांबालाच बसवायला हवा, म्हणजे दर वेळी शिडी चढणं आलं. माझे गुडघे दुखत होते. मी डबा खाली हेडमास्तरांच्या कपाटावर ठेवला आणि बॅगेत पडलेली वीस मीटर बारीक केबल गच्चीवरून खिडकीत सोडून दिली.

नेट रडतखडत आलं. हेडमास्तरांनी विचारलं, "अडतंय कुठं?" मला बोट दाखवायला काहीतरी हवं होतं. समोर फुलाबाईंच्या बांधावरचं जांभूळ दिसत होतं. ते अँटेनाच्या नजरेच्या बरंच खाली होतं, हे मला कळत होतं. पण नाचता येईना, अंगण वाकडं. मी जांभळाकडे बोट दाखवलं आणि हेडमास्तर मला घेऊन ते पाडायची परवानगी मागायला फुलाबाईंकडे निघाले.

फुलाबाई सत्तरीच्या. त्या झाडाची जांभळं पाटीत घालून त्या कितीतरी वर्षं पंचवटीच्या बाजारात बसल्या होत्या. मला वाटलं, बाई नाहीच म्हणणार आणि मी सुटणार. मग नेट चालत नाही ते झाडामुळे, असं लिहून द्यायचं आणि घरी जायचं.

"माझी नात, आरोही, त्याच शाळंत हाय," त्या म्हणाल्या. "पोरांचं अडत आसंल तर पाडा. झाडाचं काय, दुसरं लावू."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

झाड पडून आकडा एकाने उतरला. सगळे लाकडं बघायला गेले, तेवढ्यात मी डबा वर नेला, खांबाला बसवला आणि दोन मीटर जाड केबल जोडली. अर्ध्या तासाचं काम. आकडा थेट साठावर आला. खाली पोरांनी एकच गिल्ला केला. झाड पाडल्याबरोबर रेंज आली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मी कुणाला नाही म्हणालो नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेने आम्हा दोघांचा सत्कार ठेवला. शेजारी शेजारी खुर्च्या, दोघांना शाल, दोघांना नारळ. हेडमास्तर फुलाबाईंच्या त्यागावर बोलले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसून हात जोडले.

कार्यक्रम संपल्यावर फुलाबाईंनी मला चहाला घरी नेलं. त्यांच्या अंगावर शाल तशीच होती. कप पुढे करत म्हणाल्या, "आरोही म्हनती, कधीमधी चित्र अडकतं. मागली चिंच बी मधी येती का हो भाऊ? येत आसंल तर सांगा. लाजू नका."

मी कप खाली ठेवला.

"मावशी, चिंच नाही येत मधे," मी म्हणालो. "जांभूळही येत नव्हतं. केबल मीच चुकीची घातली होती. झाड पडलं त्याच दुपारी गुपचूप बदलली."

त्यांना उमजायला वेळ लागला.

"म्हंजी, झाड उभं आसतं तरी रेंज आली आसती?"

"हो."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंगावरची शाल काढली, मांडीवर घेऊन तिची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही शाळंत देऊन टाका. फुकटची नको मला."

"मावशी, तुमची फुकटची कशी? तुम्ही तर..."

"चहा प्या. निवतोय."

मी तो प्यालो. त्यांची आणि माझी, दोन्ही शाली घेऊन उठलो.

शाळेपुढे मांडव सोडायचं काम चाललं होतं. मी गाडी उभी केली. हेडमास्तर ऑफिसच्या दारात आले आणि माझ्या हातातल्या शाली बघून हसले.

"काय निवृत्तीभाऊ, चुकून एक जास्तीची गेली का?"

"दोन्ही चुकून गेल्या, सर," मी म्हणालो आणि चपला दारात काढून आत गेलो.