मराठी पुसलेला संगणक

मी सुप्याच्या कामगार वाचनालयातला जुना संगणक बोलतोय. आता माझ्या पडद्यावर मराठी उमटत नाही. माझ्याकडूनच ती पुसून घेतली.

पुण्यातल्या एका कचेरीनं मला मोडीत काढलं, तेव्हा आसाराम मला टेम्पोत घालून इथं घेऊन आला. साल शहाण्णव. आसाराम कारखान्यात लेथवर कामाला आणि लाल बावट्याचा पक्का कार्यकर्ता. मला येत होतं फक्त इंग्रजी, आणि इथं ती वाचणार कोण?

मला मराठी शिकवली प्रज्ञानं. ती गावचीच, नगरला राधाकृष्णशेठच्या छपाईच्या दुकानात नोकरीला. काम उरकलं की तिथल्याच संगणकावर बसून तिनं मराठी टाइप करायचा प्रोग्राम लिहिला होता. फ्लॉपीवरून तो माझ्यात उतरवताना म्हणाली, "काका, मागंल त्याला द्या. जमंल त्यानं सुधारावा. कुणी अडवून मात्र ठेवू नये."

आसाराम खूश झाला. "म्हंजी कसंल त्याची जमीन!"

"तसं न्हाई, काका. जमीन दिली की आपल्याकडं उरत न्हाई. हे दिलं तरी उरतं."

छबूबाई कारखान्यात झाडलोट करायची. तिनं एका बोटानं माझ्यावर लिहिलं, 'बायकांसाठी संडास पाहिजे.' प्रिंटरवर छापून तो कागद कारखान्याच्या फाटकावर लागला आणि दिवाळीच्या आत संडास बांधून झाला. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

तिकडं नगरला राधाकृष्णशेठ तोच प्रोग्राम कुलूप घालून विकायला लागला होता. फुकट वाटला जातोय कळताच तो हवालदाराला घेऊन वाचनालयात आला.

"चोरीचा माल आहे हा."

"लिवलं पोरीनं, आन् चोर आमी?" आसाराम उसळला.

"संगणक माझा, वीज माझी, पगार माझा. शेत माझं तर पीकही माझंच."

"वाट्यानं शेत करणाऱ्याला निम्मं तरी मिळतंय, शेठ!"

हवालदारानं आसारामचा दंड धरला. "हे समदं चौकीत बोल."

शेठनं सोबत आणलेली प्रज्ञा पुढं आली. "काकांना सोडा. मी पुसते."

ती माझ्यासमोर बसली. संगणकाला नाही म्हणता येत नाही. पुसण्याआधी 'खरंच पुसू का?' एवढंच मला विचारता येतं, तेही इंग्रजीत. मी विचारलं. तिनं कळ दाबली.

दारात उभी छबूबाई म्हणाली, "पोरी, तूच लिवलंस ना? मंग तुजं कसं न्हाई?"

प्रज्ञानं फ्लॉपीही शेठच्या हातात ठेवली. तिनं नोकरी सोडली.

"परत लिही," आसाराम म्हणाला. "हितं बस. ह्यो काय कुना शेठचा न्हाई."

ती बसली. पण माझं वय झालं होतं. संध्याकाळी तिनं लिहून ठेवलेलं सकाळी मला वाचता येईना. ती पुन्हा लिहायची, मी पुन्हा हरवायचो. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझा काय दोष?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतात. प्रज्ञा कुठं धड यंत्र मिळतंय का बघत हिंडते.

पोरी, माझा पडदा अजून उजळतो, कळाही चालतात. खोल मला. चालतंय ते काढून घे, दुसऱ्या कुठल्या यंत्राला लाव. विचारत बसू नकोस कुणाला.