राजवैद्याची कबुली

बाइंडिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईने पुस्तकं वाचू नयेत असा काही कायदा नाही. असता तर बरं झालं असतं, असं सूनबाईंना त्या दिवशी वाटलं.

घडीच्या टेबलावर सूनबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. छापून आलेला मोठा कागद घ्यायचा, घड्या घालून त्याचा सोळा पानांचा फर्मा करायचा आणि फर्मे क्रमाने लावून पुस्तक जुळवायचं. हातांबरोबर तोंडाचा पट्टाही चालू. फक्त ‘अत्तरवाली’चा नवा भाग छापून आला की बाई मुक्या व्हायच्या आणि कागदाच्या कडेवरून नजर हलवायच्या नाहीत. बाकीच्या बायका मुद्दाम मोठ्याने वाचू लागल्या तर सरळ कानात कापूस घालायच्या.

अत्तरवाली म्हणजे जुन्या काळच्या एका राजाच्या दरबारात अत्तरं बनवणारी विधवा. महालात कुणाचा खून झाला की ही नुसत्या वासावरून खुनी हुडकून काढणार. दर भागात एक तरी मुडदा पडतोच. इतक्या भागांनंतर त्या दरबारात माणसं उरलीच कशी, असं सूनबाईंचा नवरा विचारायचा, पण त्याला कोण विचारतो!

ही सगळी जपणूक होती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे सासरे, वीजखात्यातले निवृत्त लाइनमन. उभा जन्म खांबावर काढला आणि म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. बारीक अक्षर दिसेना, म्हणून संध्याकाळी सूनबाई मोठ्याने वाचायच्या आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे. अत्तरवालीने सगळ्यांना दरबारात बोलावलं की पुस्तक मिटायचं आणि दोघांनी आपापला खुनी सांगायचा. हरलेल्याने पुढचा भाग येईपर्यंत सकाळचा चहा करायचा. अप्पा बहुतेक वेळा हरायचे. त्यांचा चहा म्हणजे गरम पाण्याला लागलेला ठसका. “एकदा तरी हर गं,” असं नवऱ्याने हात जोडून सांगून पाहिलं होतं. पण खेळ तो खेळ. मुद्दाम हरणाऱ्याचं तोंड बघू नये, असं अप्पांचं ठाम मत होतं.

आणि आता या नव्या भागाने घात केला. मालक येऊन म्हणाले, “घडी उलटी पडतेय की काय? पानांचे आकडे बघा जरा.” फर्म्याच्या शेवटच्या पानाचा आकडा तळाशी. त्याच्या डोक्यावरच शेवटची ओळ होती. डोळे मिटायच्या आत ती वाचून झालीसुद्धा. “होय, खजिनदाराला विष मीच दिलं,” राजवैद्य म्हणाला.

तो शेवटून दुसरा फर्मा होता. शेवटचा अजून छापून यायचा होता, पण त्यात दर वेळी राजघराण्याची वंशावळ आणि महालाचा नकाशा असतो, हे सूनबाईंना झोपेतही सांगता आलं असतं. म्हणजे गोष्ट त्या कबुलीवरच संपत होती. त्यांनी कपाळावर हात मारला, मालकांना सांगून पुठ्ठे कापायच्या मशीनवर बदली करून घेतली आणि नंतर फर्म्यांकडे फिरकल्याच नाहीत. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अप्पांना सांगावं, तर वर्षभर वाट पाहिलेल्या पुस्तकाची माती. जिंकावं, तर ती चोरी. हरावं, तर म्हाताऱ्याची फसवणूक. बाईंना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी हरायचं ठरवलं. सगळ्यात निरुपद्रवी माणूस निवडायचा आणि गप बसायचं.

पुस्तक घरी आलं, वाचन सुरू झालं. अप्पा खुशीत होते. यथावकाश अत्तरवालीने सगळ्यांना दरबारात बोलावलं. सूनबाईंनी पुस्तक मिटलं.

“बोल,” अप्पा म्हणाले.

“दाई.”

“कोण, ती राजपुत्रांना गोष्टी सांगणारी म्हातारी? तुझी तब्येत बरी आहे ना?”

“मला आपलं वाटतं तसं. तुमचं?”

“राजवैद्य,” अप्पा छातीठोकपणे म्हणाले.

सूनबाईंना हायसं वाटलं. पुढे वाचत राजवैद्याच्या कबुलीपाशी आल्या, तशी अप्पांनी मांडीवर थाप मारली. “उद्यापासून चहा तुझा,” ते म्हणाले. सूनबाई अगदी पडेल चेहरा करून पुढच्या पानाकडे वळल्या आणि जागीच थिजल्या. पुढे वंशावळ नव्हती. नकाशाही नव्हता. गोष्टच चालू होती.

“थांबलीस का?”

त्या वाचू लागल्या. अत्तरवाली राजवैद्याच्या जवळ गेली, त्याच्या हातांचा वास घेतला आणि म्हणाली, हे हात विषाचे नाहीत. ज्या बाईने याला पदरात घेऊन वाढवलं, तिच्यासाठी हा फासावर जायला निघालाय. मग ती वळली आणि दाईसमोर उभी राहिली.

सूनबाईंनी पुस्तक मिटलं.

“जिंकलीस,” अप्पा म्हणाले. “दाई कशी ओळखलीस?”

सूनबाईंना खोटं रेटवेना. डोळ्यांत पाणी आलं. आकडे, ती ओळ, मुद्दाम घेतलेलं दाईचं नाव, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. “मला हरायचं होतं, अप्पा. मी तुम्हाला फसवलं,” त्या म्हणाल्या आणि आता बोलणी खायची म्हणून मान खाली घालून बसल्या.

अप्पा आधी खोकले, मग हसू लागले. हसता हसता पुन्हा खोकला आला, तेव्हा सूनबाईंना पाठ चोळावी लागली.

“अगं, मला राजवैद्याचा संशय कशाला येतोय? मी सेनापती धरून बसलो होतो,” ते डोळे पुसत म्हणाले. “पण राजवैद्य आला की तू जपून वाचायचीस. काचेचं भांडं उचलावं तसं. म्हटलं, पोरीला काहीतरी ठाऊक आहे. मी तुझ्या आवाजावरून चोरी केली.”

“म्हणजे तुम्हीही?”

“मीही. आणि त्या लेखकाने आपल्या दोघांना एकाच खड्ड्यात पाडलं.”

सूनबाई रडता रडता हसू लागल्या. त्यांना वाटलं, या घरात नवऱ्याला आपली नवी साडी दिसत नाही, आणि या म्हाताऱ्याला आपला आवाज इतका पाठ आहे. जीव भरून आला त्यांचा.

“मग आता कोण जिंकलं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही. दोघेही बाद,” अप्पा उशीला टेकत म्हणाले. “दाईने आपल्या नाकासमोर विष कालवलं आणि आपण एकमेकांकडे बघत बसलो. पहिलं पान काढ. आणि या वेळी सगळ्यांना सारखंच वाच.”

सूनबाईंनी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.