अशरफ सोलकरच्या दोन जोड लाइटी

अशरफ सोलकरने गाडीच्या हेडलाइट बदलून पांढऱ्याफेक एलईडी बसवल्या, त्याच्या दुसऱ्याच पहाटे इथे आखातात, शर्कच्या मासळी बाजारात बर्फावरच्या एका सुरमईने डोळे मिटून घेतले. माशाला पापण्या नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण मी शेजारच्या सीटवर बसलो होतो.

हौस म्हणून बसवल्या नव्हत्या. साठी उलटली होती, आणि धुळीच्या वादळात समोरचा ट्रक त्याला फार उशिरा दिसू लागला होता. डोळ्यांचं कुणाला कळलं असतं तर ड्रायव्हरकी गेली असती. म्हणून त्याने शुवैखच्या गॅरेजात जाऊन गाडीचेच डोळे बदलून घेतले. जुन्या, कंपनीच्या पिवळट लाइटी टाकून देणं जिवावर आलं. मग आम्ही रत्नागिरीकडचे लोक जे करतो तेच त्याने केलं. ब्लँकेटं, दूध पावडरीचे डबे आणि खजूर यांच्या मध्ये कोंबून कार्गोने घरी पाठवून दिल्या. पुढची तीन वर्षं त्यांची इथे कुणाला आठवण झाली नाही.

आठवण काढली ती फहसच्या माणसाने.

अशरफ कायमचा घरी निघाला होता. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला सोळा दिवस उरले होते, आणि गाडी आमच्याच मिरकाबच्या बिल्डिंगमधला उदय घेणार होता. उदय कराडचा, इथे हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, सुईसुद्धा विचारून टोचणारा माणूस. गाडी त्याच्या नावावर व्हायची तर आधी फहस, म्हणजे गाडीची तपासणी, पास व्हायला हवी. आणि कंपनीच्या कागदपत्रांची पळापळ करणाऱ्या मंदूबने सांगून टाकलं होतं की गाडी नावावर असेपर्यंत तो अशरफची फाइल हातात घेणार नाही.

तपासनीसाने लाइट लावायला सांगितली. भर दुपारी त्याची सावली मागच्या भिंतीवर पडली, आणि तो बाजूला झाल्यावरही थोडा वेळ तिथेच राहिली. त्याने काळा चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की ही कंपनीची नाही, अशी चालत नाही, असली, म्हणजे मूळची, बसवून आण. असली कुठे आहे, असंही विचारलं.

"जयगडला," अशरफ म्हणाला.

जयगड म्हणजे जहराच्या पलीकडे का, असं त्याने विचारलं. बरंच पलीकडे, असं मी सांगितलं.

मग शुवैख पालथं घातलं, भंगारवाले पालथे घातले. गाडी इतकी जुनी, की दुकानदार आतून बापाला हाक मारायचा आणि बाप आजोबाला फोन लावायचा. एक उजवी मिळाली, तिची काच फुटलेली. डावी कुठेच नाही. इकडे खोलीतली अशरफची खाट दुसऱ्याला दिलेली, त्यामुळे तो आपल्याच बांधलेल्या बॅगांवर झोपायचा. सकाळी उठून खिडकीतून गाडीकडे बघायचा. गाडी जागची हलत नव्हती, म्हणून हाही हलत नव्हता. बारा दिवस उरले, मग दहा.

शेवटी त्याने बायकोला, हफिजाला, फोन लावला. लाइटी शोधायला लागणारच नव्हत्या. कार्गो उघडला त्याच आठवड्यात मुलाने, यासिरने, त्या बॅटरीवर जोडून धक्क्याच्या खांबावर टांगल्या होत्या. खाडीच्या तोंडाशी खडक आहे. रात्री परतणाऱ्या बारा होड्या तीन वर्षं त्या दोन पिवळ्या ठिपक्यांवर नजर ठेवून तो चुकवत होत्या.

"काढून देते की," हफिजा म्हणाली. "पण यासिर खडक चुकवील कशावर? तुमच्या तिकिटावर?"

दोन दिवस नवरा-बायको भांडली. मग ठरलं ते असं. सुट्टीवर रत्नागिरीला गेलेली लता नर्स परत येताना जुन्या लाइटी आणेल. अशरफ एलईडी काढून बरोबर नेईल आणि त्या खांबावर लागतील. तोवर बारा होड्या बांधलेल्या राहतील.

लताने त्या युनिफॉर्ममध्ये गुंडाळून आणल्या. बसवताना डाव्या लाइटीतून एक जिवंत खेकडा निघाला. तपासनीसाने त्याच्याकडे पाहिलं, पण तो कंपनीचा आहे का असं काही विचारलं नाही. गाडी पास झाली, उदयच्या नावावर चढली, मंदूब हसला, आणि इकामा संपायला एक दिवस असताना अशरफ विमानात बसला. मला वाटलं, सुटला.

खांबावर एलईडी लागल्या. पहिल्या रात्री होड्या अशा आल्या की जणू कुणी हाताला धरून आणल्या. दुसऱ्या रात्री होड्यांच्या मागे मासेही आले. धक्क्याखाली इतका बांगडा जमला की गावातल्या मांजरांनी पाठ फिरवली. लोकांनी तिथेच जाळी टाकली. तिसऱ्या दिवशी मत्स्य खात्याचे साहेब हजर. एलईडीच्या उजेडात मासे गोळा करून धरायला तिकडे बंदी आहे. ती बंदी नीट पाळली जावी म्हणून गावाने गेल्या वर्षी मोर्चा काढला होता, आणि फलक धरून पुढे चालला होता यासिरच.

साहेब भला माणूस. म्हणाला, आधीच्या त्या पिवळ्या होत्या, त्या लावा, माझी काही हरकत नाही.

परवा संध्याकाळी मी उदयकडे चहाला बसलो होतो तेव्हा अशरफचा फोन आला. उदयने तो स्पीकरवर टाकला. धक्क्यावर काळोख आहे, अशरफ सांगत होता. आपण घरी आलो, पण मुलगा बोलत नाही. घर चालवायचं म्हणून तो आजही होडी घेऊन गेलाय, आणि ह्या डोळ्यांना इथून खडकही दिसत नाही, होडीही दिसत नाही. मग म्हणाला,

"उदयभाऊ, त्या पिवळ्या मला परत द्या. तुमच्या गाडीला नव्या, अगदी असली, कुठूनही शोधून आणीन. जुम्म्याला इकडे येणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे द्या."

स्वयंपाकघरातून त्याची बायको नेहा दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी उठून खिडकीतून खाली पाहिलं. उदयची गाडी उभी होती. तिच्या तोंडावर दोन पांढऱ्याफेक एलईडी नव्याकोऱ्या चकाकत होत्या. गेल्या आठवड्यात केवढी धूळ उठली होती ते मला तेव्हा आठवलं.

उदयने कप बशीत ठेवला.

"कालच कार्गोत घातल्या, चाचा," तो म्हणाला. "कराडला."